बेंच ४० किलोवर अडकलाय? व्यायाम बदलू नको, वजन आणि रेप्स बदल

भाऊ, तू विचारलंस की सहा महिने झाले, बेंच प्रेस (बाकावर झोपून छातीवरून बार वर ढकलणं) ४० किलोच्या पुढं सरकत नाही, आणि व्हिडिओवाले सांगतात की दर आठवड्याला नवा व्यायाम करा, स्नायू 'गोंधळतात' आणि वाढतात. हे खरं का?

नाही. स्नायू गोंधळत-बिंधळत नाही. त्याच्यावरचा ताण हळूहळू वाढत गेला की तो वाढतो. नवा व्यायाम धरला की पहिले दोन-तीन आठवडे वजन पटापट वाढतं, ते मुख्यतः मेंदू आणि नसा ती हालचाल शिकतात म्हणून. अंग भरायला खरी सुरुवात त्यानंतर होते, आणि नेमका तेव्हाच तू व्यायाम सोडतोस. लातूरला जिम लावली तेव्हा मीही चार महिने असेच घालवले. रोज अंग ठणकायचं, वाटायचं काम होतंय. आकडे मात्र जागेवरच.

आपल्या तालमीत बघ. १९६९ चे महाराष्ट्र केसरी हरिश्चंद्र बिराजदार ज्या लातूर जिल्ह्यातले, तिथली पोरं जोर-बैठका कधी सोडत नाहीत. जोडीला मुद्गल फिरवतात, दोर चढतात, हौदा (आखाड्यातली माती) उकरतात. पन्नास-साठ जोर सहज निघायला लागले की पुढं दमसास वाढतो, ताकद फारशी नाही. म्हणून वस्ताद एखाद्या बारक्या पोराला पाठीवर बसवून जोर मारायला लावतात. व्यायाम तोच, ओझं वाढलं.

तू हेच कर. सोमवारी बेंच जड, ५ रेप्सचे ५ सेट (एका दमात ५ वेळा उचलायचं, असं पाचदा), मधे तीन मिनिटं विश्रांती. गुरुवारी तोच बेंच हलक्या वजनावर, १० ते १२ रेप्सचे ३ सेट. स्क्वॅटलाही असंच. रोइंग, डिप्स, पुल-अप्स हे जोडीचे व्यायाम हवे तर महिन्या-दीड महिन्यानं बदल.

तुझी अडचण मला प्लेटची वाटते. बऱ्याच जिममधे सगळ्यात लहान प्लेट अडीच किलोची असते, म्हणजे दोन्ही बाजूंनी मिळून एकदम ५ किलो. ४० वर ५ म्हणजे आठवा हिस्सा, एवढी उडी झेपत नाही. मी सव्वा किलोच्या दोन प्लेटा विकत घेऊन पिशवीत ठेवल्या होत्या. आधी ४० वर पाचही सेट ८ रेप्सपर्यंत ने, मग ४२.५ लाव, तिथं परत ५ रेप्सपासून सुरू कर. प्रत्येक सेट वहीत लिही. वही नसेल तर मागच्या सोमवारी काय उचललं हे कुणालाच आठवत नाही.

आता खाणं. तुझं वजन ६० किलो म्हणतोस, तर दिवसाला साधारण ९५ ग्रॅम प्रोटीन लागेल. आडतीत सोयाबीनच्या थप्प्या लागतात आणि आपली पोरं प्रोटीन पावडरच्या महागड्या डब्यामागं पळतात, याचं मला वाईट वाटतं. ५० ग्रॅम सोया चंक्समधे २५ ग्रॅमच्या आसपास, चार अंड्यांत २४, अर्धा लिटर दुधात १६, मूठ-दोन मूठ शेंगदाण्यात १२. उरलेलं वरण आणि ज्वारीच्या भाकरीतून निघतं.

एप्रिल-मेमधे पहाटे साडेपाचलाच जा. पत्र्याच्या जिममधे दुपारनंतर जड सेट मारू नको.

आठ आठवडे असं करूनही आकडा हलला नाही आणि झोप-जेवण नीट असेल, तर इनक्लाइन (तिरप्या बाकावरचा) किंवा डंबेल प्रेस घे. खांदा दुखतो का, ते तू लिहिलं नाहीस. दुखत असेल तर आधी सांग, मग वरचं जड बेंचचं सगळं थांबवावं लागेल.