गोल्डन ग्लोब मिळालं की ऑस्कर पक्का, असं असतं का? आणि एमी म्हणजे नेमकं काय?

पक्का अजिबात नसतो. ग्लोब जानेवारीत येतात आणि ऑस्कर त्यानंतर, म्हणून ती सेमीफायनल वाटते, मीपण बरीच वर्षं तसंच धरून चाललो होतो. पण दोन्हीकडे मत देणारी माणसंच वेगळी आहेत.

ग्लोब देतात पत्रकार. 1944 पासून हॉलिवूडमध्ये राहून परदेशी पेपरांसाठी लिहिणाऱ्यांची एक संघटना ते द्यायची, आणि 2021 मध्ये बाहेर आलं की मेंबर जेमतेम 87 आणि त्यात कृष्णवर्णीय एकही नाही! एवढ्याशा लोकांच्या पसंतीवर आपण वर्षानुवर्षं चर्चा करत होतो, तेव्हा खरंच वाईट वाटलं. मग एनबीसी या अमेरिकन टीव्ही चॅनेलने 2022 चा सोहळा दाखवलाच नाही, टॉम क्रूझने आपले तिन्ही ग्लोब परत केले, 2023 ला ती संघटना गुंडाळली आणि आता कितीतरी देशांतले 300 च्या वर पत्रकार मत देतात, जे आधीच व्हायला हवं होतं.

ग्लोबमध्ये ड्रामा वेगळा आणि कॉमेडी किंवा म्युझिकल वेगळा, त्यामुळे 2016 ला 'द मार्शियन' कॉमेडी-म्युझिकलमध्ये जिंकला, मंगळावर एकटा अडकलेला माणूस! ऑस्करला असे दोन भाग नाहीत.

एमी फक्त टीव्हीचे, त्यांची अकॅडमीच वेगळी, आणि अमेरिकेतल्या मुख्य एमीचं, म्हणजे प्राइमटाइम एमीचं, वर्ष जून ते मे असं धरतात. 'दिल्ली क्राइम'ला 2020 ला मिळाला तो अमेरिकेबाहेरच्या कार्यक्रमांसाठीचा इंटरनॅशनल एमी, प्राइमटाइम एमी नाही, यात खूप जणांची गल्लत होते.

आता ऑस्कर. इथे मत देतात स्वतः सिनेमा करणारे. एडिटिंगची नॉमिनेशन्स फक्त एडिटर ठरवतात, अभिनयाची फक्त नट-नट्या, आणि बेस्ट पिक्चरला मात्र सगळे. मला हे फार आवडतं, कारण एखादा कट कुठे मारला हे ज्याने स्वतः रात्रभर बसून कापलंय त्यालाच कळतं. आणि ऑस्कर देणाऱ्या अकॅडमीत सगळ्यात मोठा गट नटांचा आहे, म्हणून अंदाज बांधायचा असेल तर ग्लोबपेक्षा स्क्रीन ॲक्टर्स गिल्डच्या, म्हणजे नटांच्याच संघटनेच्या, पुरस्कारांचा निकाल बघा. दरवेळी जुळतोच असं नाही, पण हवा कळते.

2020 चंच घ्या. 'पॅरासाइट' कोरियन भाषेतला, म्हणून ग्लोबच्या तेव्हाच्या नियमाने तो बेस्ट पिक्चरच्या शर्यतीत बसतच नव्हता, परभाषेतला सिनेमा म्हणून बक्षीस देऊन मोकळे झाले. त्याच जानेवारीत गिल्डच्या सोहळ्यात त्यांची टीम नुसती आपल्या सिनेमाची ओळख करून द्यायला स्टेजवर आली, अजून काही जिंकलेलंही नव्हतं, तर समोर बसलेले नट उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. थोड्या वेळाने बेस्ट कास्टपण त्यांनाच मिळालं. मी तेव्हाच घरी सांगितलं होतं की ऑस्कर हाच नेणार, आणि फेब्रुवारीत इंग्रजी सोडून दुसऱ्या भाषेतला सिनेमा पहिल्यांदा बेस्ट पिक्चर झाला. त्या टाळ्यांची क्लिप मिळाली तर नक्की बघा.