वाचक विचारतात: निवडून आले, पण बसू दिलं नाही

प्रश्न: महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, हे आम्ही शाळेपासून पाठ करतो. पण त्याच्या पाचच वर्षं आधी तिथल्या जॉर्जिया राज्याच्या विधिमंडळानं आपल्याच काळ्या सभासदांना हाकलून दिलं, असं एका व्याख्यानात ऐकलं. हे खरं असेल तर ती अर्पणपत्रिका भाबडी म्हणायची का, सर?
(एक विद्यार्थिनी, राजारामपुरी)

उत्तर: खरं आहे, आणि तुम्ही ऐकलंत त्याहून वाईट आहे.

यादवी युद्ध १८६५ साली संपलं. गुलामगिरी टिकवायला लढून हरलेल्या दक्षिणेतल्या राज्यांना वॉशिंग्टनच्या काँग्रेसनं, म्हणजे तिथल्या संसदेनं, अट घातली: नवी राज्यघटना करा, काळ्या पुरुषांना मत द्या, नागरिकत्वाची चौदावी दुरुस्ती मान्य करा, मगच तुमचे खासदार आत घेऊ. जॉर्जियाची राजधानी तेव्हा मिलेजविल. तिथले हॉटेलवाले काळ्या प्रतिनिधींना उतरवून घेईनात, म्हणून घटना परिषद अटलांटात भरवली असं सांगतात. मागोमाग राजधानीही तिकडे गेली. शाहू महाराजांनी ज्या गावात जातीजातीच्या पोरांसाठी बोर्डिंगं उघडली, त्या गावाला हे कारण समजावून सांगायची गरज नाही.

जुलै १८६८ मध्ये नवं विधिमंडळ बसलं. त्यात काळे सभासद होते. धर्मोपदेशक होते, कारागीर होते, तीन-चार वर्षांपूर्वीपर्यंत कुणाच्या तरी मालकीचे असलेलेही होते. चौदावी दुरुस्ती मंजूर झाली, त्यांची मतंही तिला पडली. राज्य संघात परत आलं, लष्कराचा ताबा सुटला. आणि सप्टेंबर उजाडताच ठराव आला की हे लोक सभासद राहूच शकत नाहीत.

मुद्दा काय काढला पाहा. नव्या घटनेत काळ्यांना मत द्यायचा हक्क स्पष्ट लिहिलाय, पण पदावर बसायचा हक्क कुठं लिहिलाय? लिहिला नाही, म्हणजे नाही. मत द्यायला माणूस, खुर्चीवर बसायला नाही. काही गोऱ्या रिपब्लिकनांनीही, म्हणजे ज्यांच्या पक्षाला याच मतांनी निवडून आणलं होतं त्यांनीही, या ठरावाला साथ दिली. मला विरोधकांपेक्षा यांचा राग जास्त येतो.

चारजण मात्र वाचले. तिथल्या कायद्यानं एक अष्टमांश आफ्रिकी रक्त असलं की माणूस काळा, आणि हे चौघे इतके उजळ की तेवढं सिद्ध करता येईना. आपल्याकडे जात पडताळणी समितीपुढं निदान आजोबांच्या शाळेचा दाखला तरी ठेवता येतो. तिथं चेहरा हाच दाखला. रिकाम्या खुर्च्यांवर कोण बसले? निवडणुकीत याच लोकांकडून हरलेले उमेदवार! जिंकलेला अपात्र ठरला तर त्याच्याखालचा आत, अशी कायद्याची सोय होती.

३ सप्टेंबर १८६८ ला हेन्री मॅकनील टर्नर बोलायला उठले. चौतीस वर्षांचे धर्मोपदेशक, युद्धात उत्तरेच्या सैन्यातल्या काळ्या पलटणीचे पाद्री. त्यांच्या बोलण्याचा आशय असा: मी या सभागृहाचा सभासद आहे असं मी मानतो, म्हणून मी कुठल्याही पक्षापुढं लाचारी करणार नाही आणि माझे हक्क भीक म्हणून मागणार नाही. त्याच महिन्यात, १९ तारखेला, काढून टाकलेले एक सभासद फिलिप जॉइनर प्रचारसभेसाठी मोर्चा घेऊन कॅमिला गावात शिरले. गावातल्या गोऱ्यांनी गोळीबार केला. डझनभर माणसं गेली, तिसाहून अधिक जखमी झाली.

आता भाबडेपणाचं. अर्पणपत्रिका जॉर्जियाच्या विधिमंडळाला नाही, गुलामांच्या मुक्तीसाठी झिजलेल्या माणसांना आहे, आणि आपल्या देशबांधवांनी शूद्रांच्या सुटकेसाठी त्यांचा कित्ता गिरवावा अशी इच्छा तिच्यातच लिहिली आहे. शिवाय १८७३ हे साल बघा. साउथ कॅरोलिनाच्या कनिष्ठ सभागृहात तेव्हा काळ्या सभासदांचं बहुमत होतं. मिसिसिपीत जॉन लिंच १८७२ साली चोविसाव्या वर्षी सभापती झाले होते. जोतिरावांनी वाऱ्यावर काही लिहिलं नव्हतं. माझं मत विचाराल तर, सदाचारी लोक आणि त्यांनी निवडलेलं सभागृह या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पुणे नगरपालिकेत बसलेल्या त्या माणसाला आपल्यापेक्षा नीट कळत असावं.

प्रश्न: मोठ्या पुढाऱ्यांची भाषणं मिळतात. एखाद्या साध्या आमदाराचं काय झालं?
(एक निवृत्त ग्रामसेवक, करवीर तालुका)

उत्तर: अ‍ॅब्रम कोल्बी. जॉर्जियातल्या ग्रीन काउंटीचे (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) सभासद, जन्म गुलामगिरीतला. त्यांची हकीकत आपल्याला कळते ती १८७१ मध्ये काँग्रेसच्या चौकशी समितीपुढं त्यांनी स्वतः दिलेल्या साक्षीतून.

त्यांच्याकडं आधी पैसे घेऊन लोक आले. पाच हजार डॉलर घे आणि बाजू बदल, नाहीतर निम्मे घे आणि जागा सोड. अख्ख्या काउंटीच्या किमतीएवढे दिले तरी नाही, असं यांनी सांगितलं. मग ऑक्टोबर १८६९ मध्ये एका रात्री कू क्लक्स क्लॅन या गोऱ्यांच्या दहशतवादी टोळीचे बुरखेवाले लोक दार फोडून आले. बिछान्यातून ओढून रानात नेलं, तीन तास आणि वर चाबकानं मारलं. मध्येच थांबून विचारलं, पुन्हा रॅडिकलांना, म्हणजे काळ्यांच्या हक्कांच्या बाजूच्या रिपब्लिकनांना, मत देशील? कोल्बी म्हणाले, उद्या निवडणूक असेल तर उद्या त्यांनाच देईन. पुन्हा मारलं, आणि मेला समजून टाकून गेले. डावा हात कायमचा गेला. त्यांची लहान मुलगी बापाला नेऊ नका म्हणून पुढं आली होती, तिच्यावर बंदूक रोखली गेली. ती पोर त्या भीतीतून मरेपर्यंत सावरली नाही, असं त्यांनी समितीला सांगितलं.

समितीनं विचारलं, मारणारे कोण? कोल्बींनी सांगितलं की त्यातले काही गावातले पहिल्या प्रतीचे लोक, एक वकील, एक डॉक्टर, काही शेतकरी. म्हणजे रस्त्यावर भेटले की ज्यांना आपण आधी नमस्कार करतो ते. बुरखा का लागला, याचं उत्तर या यादीतच आहे.

प्रश्न: त्या सभासदांना पुन्हा घेतलं का? की विषय तिथंच संपला?
(एक वाचक, शाहूपुरी)

उत्तर: घेतलं. जून १८६९ मध्ये जॉर्जियाच्याच सर्वोच्च न्यायालयानं एका कारकुनाच्या खटल्यात काळ्या माणसाला पद धारण करता येतं असा निकाल दिला होता. विधिमंडळ तरी ढिम्म. मग डिसेंबरात काँग्रेसनं राज्य पुन्हा लष्कराच्या देखरेखीखाली आणलं. जानेवारी १८७० मध्ये जनरल टेरींनी युद्धात दक्षिणेच्या बाजूला गेल्यानं अपात्र ठरलेल्या जुन्या बंडखोरांना बाहेर काढलं आणि हाकललेल्यांना परत बसवलं. हे तसं वर्षभराचंच सुख. वर्षाअखेरच्या निवडणुकीत डेमोक्रॅट, म्हणजे रिपब्लिकनांचे विरोधक, जिंकले, पुढं मतदानावर कर आले, दहशत होतीच. १९०७ साली शेवटचे काळे सभासद गेले, त्यानंतरचे लिरॉय जॉन्सन निवडून आले ते १९६२ साली.

आणि जानेवारी १९६६ मध्ये याच विधिमंडळानं ज्युलियन बाँड या तरुण काळ्या सभासदाला पुन्हा दारात अडवलं. या वेळी कारण व्हिएतनाम युद्धाला त्यांनी केलेल्या विरोधाचं दाखवलं. प्रकरण देशाच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात एकमतानं निकाल बाँड यांच्या बाजूनं लागला. पुढची वीस वर्षं ते तिथंच बसले, आधी कनिष्ठ सभागृहात आणि मग सिनेटमध्ये.