‘साउथ पार्क: द स्टिक ऑफ ट्रुथ’ हा व्हिडिओ गेम ‘साउथ पार्क’ ही कार्टून मालिका न पाहता खेळता येईल का? आणि आपल्या पात्राचा कोणता वर्ग घ्यावा?

घ्या गेम. मालिका पाहिली नसली तरी काही अडत नाही. वर्ग फायटर (लढवय्या) घ्या. पण ‘तो काही खरा आरपीजी (एखाद्या पात्राची भूमिका घेऊन खेळायचा गेम) नाही, नुसते घाणेरडे विनोद आहेत’ असं तुमचे मित्र म्हणतात म्हणून तुम्ही लिहिलंय, त्यावर मला बोलायचंय. हेच वाक्य 2014 च्या मे महिन्यात मी माझ्या सख्ख्या भावाच्या तोंडून ऐकलं आणि ते अजून डोक्यातून गेलेलं नाही.

दादा तेव्हा सुट्टीला सांगलीला आला होता. मी गेम नुकताच लावला होता, तो मागे पलंगावर बसून बघत होता. सुरुवात अशी: तुम्ही गावात नवीन राहायला आलेला मुलगा. कार्टमन या मालिकेतल्या पोराच्या परसात बाकीच्या पोरांनी किल्ला उभारलाय, नाव कूपा कीप. कार्टमन तिथला जादूगार राजा, समोरच्या एल्फ (परीकथेतले टोकदार कानांचे) लोकांचा राजा काइल, तोही तिथलाच पोरगा. भांडण कशावरून, तर एका काटकीवरून. ती काटकी ज्याच्या हातात, त्याच्या ताब्यात सगळं विश्व. काटकी सांभाळायचं काम असतं क्लाइडकडे. एल्फ हल्ला करतात, काटकी पळवतात आणि कार्टमन तिथल्या तिथे क्लाइडला काळ आणि अवकाश यांतून हद्दपार करतो. म्हणजे काय, तर जा घरी, आता तू खेळात नाहीस.

मी कंट्रोलर खाली ठेवला.

मी आठ वर्षांचा असताना आमच्या वाड्यात दिवाळीचा किल्ला केला होता. विटा, त्यावर गोणपाट, त्यावर चिखल, कडेने मोहरी पेरलेली. पायऱ्यांना गेरू मीच लावला होता, दोन दिवस नखांतून निघत नव्हता. राखणीला मला बसवलं होतं. मी पाच मिनिटं आत गेलो तेवढ्यात मागच्या गल्लीतल्या पोरांनी सिंहासनावरचे महाराज उचलून नेले. दादाने सगळ्यांसमोर सांगितलं, ‘तू आजपासून किल्ल्यात नाहीस.’ भाऊबीजेपर्यंत मी नळाच्या कट्ट्यावर बसून दुसऱ्यांना मावळे मांडताना बघितलं. मोहरी उगवली तीही लांबूनच.

मी दादाला म्हटलं, ‘हा क्लाइड म्हणजे मी.’ तो म्हणाला, ‘कुठला किल्ला रे? आणि कार्टून आहे ते. खरा आरपीजी खेळ जरा.’

आता मुद्द्याचं. हा गेम ऑब्सिडियन या कंपनीने केलाय. दादा ज्या ‘फॉलआउट: न्यू वेगास’ या आरपीजीची पारायणं करायचा, तो याच मंडळींचा. संवाद मालिकेच्या निर्मात्यांनी, ट्रे पार्कर आणि मॅट स्टोन यांनी, स्वतः लिहिले आणि बहुतेक आवाजही त्यांचेच आहेत. लढाई पाळीपाळीने होते, पण नुसतं बटण दाबत सुटलात तर मार खाल. शत्रूचा वार येताना पायाशी ढाल चमकते, नेमकं तेव्हा दाबलं तर इजा कमी होते. काही शत्रू असा पवित्रा घेतात की जवळून मारलं की उलटा वार बसतो, काही लांबून मारलेलं परतवतात. कोण कशात आहे ते बघून हत्यार बदलायचं. दादाने त्या दिवशी कंट्रोलर घेतला, उलटा वार करणाऱ्यावर चार वेळा तलवारच चालवली, मेला आणि म्हणाला गेममध्ये डोकं नाही. डोकं गेममध्ये होतं. ज्याला कार्टून दिसलं की पुढचं बघायचंच नसतं, त्याला ते सापडत नाही.

आणि विनोद हा वरून शिंपडलेला नाही. लागलं तर बरं व्हायला चीझी पूफ्स (चीजचे कुरकुरे) खायचे, जादू म्हणजे पादणं, सोबतीला बटर्स नावाचा पोरगा, जो पॅलाडिन (धर्मयोद्धा) झालाय आणि मनापासून झालाय. पोरं खेळतायत आणि खेळ त्यांच्यासाठी शंभर टक्के खरा आहे, यावर सगळी इमारत उभी आहे. घाण आहेच, भरपूर आहे. पण त्या घाणीखाली हे बघायला माणूस कधी कुणाच्या खेळातून हाकलला गेलेला असावा लागतो बहुतेक.

(पुढची दोन वाक्यं गोष्ट फोडतात, नको असेल तर सोडा.) तोच क्लाइड पुढे परत येतो, काटकी घेऊन जातो, स्वतःच्या परसात स्वतःचा बुरूज बांधतो. आठ वर्षांच्या मला हे कुणी दाखवायला हवं होतं.

तुमच्या प्रश्नातलं राहिलेलं: वर्ग चार आहेत, फायटर, मेज (जादूगार), थीफ (चोर) आणि ज्यू. चौथा कार्टमनच्या ज्यूंबद्दलच्या द्वेषावरून आलाय, खेळायला चांगला आहे, पण मालिका माहीत नसेल तर ते नाव नुसतं खटकेल. पादण्याची जादू कीबोर्डवर फार त्रास देते, कंट्रोलर वापरा. चिनपोकोमॉन (गेममध्ये गोळा करायच्या बाहुल्या) तीस आहेत आणि काही जागी परत जाता येत नाही, तेव्हा दिसेल तिथे उचला. मला पंधरा-सोळा तास लागले. 2017 चा पुढचा भाग नंतर खेळा, त्यात लढाई चौकटींवर सरकत होते.

हे आधी सांगायला हवं होतं: गेम मोठ्यांसाठीच आहे. परग्रहवासीयांच्या यानातली आणि गर्भपाताच्या दवाखान्यातली दृश्यं युरोपातल्या कन्सोलवर कापून तिथे स्थिर चित्र आणि मजकूर दाखवला होता. घरात लहान मुलं असतील तर ती झोपल्यावर खेळा. कार्टून म्हणून पुतण्याला लावून देऊ नका.

दादा, तू इथे येतोस हे मला माहीत आहे. मी त्या दिवशी राखण सोडून खेळायला गेलो नव्हतो. आईने फराळाला हाक मारली म्हणून आत गेलो, आणि मला हाक मारायला तिला तूच सांगितलं होतंस.