नरक्याचे औषध आणि मुलीची बीएस्सी

आंबोलीजवळून एका वडिलांनी लिहिले आहे: बारावीला जीवशास्त्र घेतलेल्या मुलीला, चोरट्या तोडीमुळे दुर्मीळ होत चाललेल्या नरक्या या औषधी झाडावर संशोधन करायचे आहे. प्रयोगशाळेत वाढवलेल्या नरक्यात रानातल्या झाडाइतकेच औषध असते का आणि त्यासाठी बायोटेक्नॉलॉजी घ्यावे का, असे त्यांचे दोन प्रश्न आहेत.

सप्रेम नमस्कार.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर कळले की दुसऱ्याचे आपोआप मिळते. नरक्यातील कॅम्प्टोथेसिन या द्रव्यापासून टोपोटेकान आणि इरिनोटेकान ही कर्करोगावरील औषधे तयार होतात. झाड हे द्रव्य स्वसंरक्षणासाठी बनवते, आणि त्याचे प्रमाण झाडाचे वय, भाग व ठिकाण यांनुसार बदलते. म्हणजे रानातली दोन झाडेसुद्धा सारखी नसतात. ऊतिसंवर्धनातून, म्हणजे झाडाचा लहानसा तुकडा प्रयोगशाळेत वाढवून, तयार झालेले पूर्ण रोप आणि काचपात्रात वाढणारा पेशींचा गोळा, म्हणजे कॅलस, यांत तर मोठा फरक आहे. कॅलसमध्ये मूळ-खोड-पान असा भेद नसल्याने त्यात कॅम्प्टोथेसिन बहुधा झाडापेक्षा फारच कमी भरते. ते वाढवण्यासाठी पोषकद्रव्ये व संप्रेरके बदलून पाहतात, पेशींना मुद्दाम ताण देतात किंवा विशिष्ट जिवाणूच्या साहाय्याने केसाळ मुळे वाढवतात. यांपैकी काय साधले, हे मात्र एचपीएलसी या, मिश्रणातले द्रव्य वेगळे करून त्याचे प्रमाण मोजणाऱ्या रासायनिक विश्लेषणाच्या यंत्रावर मोजल्यावाचून कळत नाही.

म्हणून माझे स्पष्ट मत असे, की बीएस्सीला रसायनशास्त्र मुख्य आणि वनस्पतिशास्त्र दुय्यम घ्यावे, आणि बायोटेक्नॉलॉजी एमएस्सीसाठी राखून ठेवावे. ऊतिसंवर्धनाचे तंत्र पुढे शिकता येते, पण रसायनशास्त्राचा कच्चा पाया नंतर भरून काढणे जड जाते. १९६६ साली एका चिनी वृक्षातून कॅम्प्टोथेसिन वेगळे केल्याचे जाहीर करणाऱ्या चमूतील मनसुख वाणी हे मूळचे नंदुरबारचे आणि रसायनशास्त्रज्ञच होते. बी. फार्म. करून औषधी वनस्पतिशास्त्रात एम. फार्म. करणे हा दुसरा मार्ग आहे. तो खर्चिक असला तरी नोकरी लवकर मिळवून देऊ शकतो.

संशोधनाची वाट लांब आहे, हे आपणही लक्षात घ्यावे. एमएस्सीनंतर नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा देऊन कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती मिळाली, तर दरमहा ३७,००० रुपये मिळतात. त्याआधीची पाच वर्षे घरालाच पेलावी लागतात. तेवढी सवड नसेल, तर एमएस्सीनंतर वनौषधी कंपनीच्या गुणवत्ता-चाचणी विभागातली नोकरीही याच शिक्षणावर मिळू शकते.

प्रवेशापूर्वी महाविद्यालयात जाऊन एचपीएलसी यंत्र आहे का, आणि बीएस्सीच्या मुलांना त्यावर काम करू देतात का, एवढे विचारून यावे.