पुढे केलेला थ्रॉटल मागे कधी घ्यायचा?

प्रश्न : ताई, मी बारावी सायन्सला आहे. डीसीएस वर्ल्ड या संगणकावरच्या विमान-खेळात हॉर्नेट हे लढाऊ विमान उडवतो. हवेतच इंधन देणाऱ्या टँकर विमानामागे नळी लोंबते, तिच्या टोकाच्या टोपलीपासून वीस फुटांपर्यंत नीट पोचतो. तिथून टोपलीकडे निघालो की कधी तिच्या पुढे निघून जातो, कधी मागे पडतो. थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा दांडा, सारखा पुढे-मागे चालू असतो. दोन महिने झाले, अजून थेंबभर इंधन मिळालेलं नाही. महागातला थ्रॉटल घेऊ का?
— एक वाचक, ओझर

उत्तर : आत्ता घेऊ नकोस. वीस फुटांपर्यंत नीट पोचतोस, म्हणजे आहे तो थ्रॉटल पुरेसा आहे.

थ्रॉटलने वेग ठरतो असं आपल्याला वाटतं, पण ठरतो तो इंजिनाचा जोर. थ्रॉटल ढकललास की आधी इंजिनाचे फेरे वाढतात, त्यातच क्षणभर जातो. मग जोर वाढतो, जोरामुळे त्वरण, त्वरणामुळे वेग, आणि वेगामुळे अंतर कमी होतं. तू टोपलीकडे बघत असतोस, म्हणजे या साखळीतली शेवटची कडी बघतोस. अंतर घटतंय हे डोळ्यांना कळेपर्यंत वेग नको इतका वाढलेला असतो. मग दचकून थ्रॉटल मागे ओढतोस आणि तेच उलट्या दिशेने घडतं. सोलरच्या नळाचं असंच असतं बघ. पाणी गार येतं म्हणून नळ अजून सोडायचा, गरम पाणी अजून पाइपातच असतं, आणि ते येतं तेव्हा अंग भाजतं.

म्हणून दिसण्याची वाट न बघता हात परत आणायचा. मी हाताच्या चार हालचालींत करते : जरा पुढे, लगेच मूळ जागी, विमान आपोआप सरकू दे, टोपली जवळ आली की जरा मागे, लगेच मूळ जागी. ‘जरा’ म्हणजे तळहाताची जागा न सोडता नुसती बोटं दाबली जातील इतकंच. टँकरपेक्षा तीन नॉट्स जास्त वेग भरपूर झाला. तीन नॉट्स म्हणजे सेकंदाला पाच फूट; तुझे वीस फूट चार सेकंदांत संपतात. घाईला जागाच नाही.

आता ही ‘मूळ जागा’ कुठली? सगळा खेळ तिच्यावर आहे, आणि बहुतेक जण ती न शोधताच टोपलीकडे धावतात. मीही धावत होते. २०१९च्या पावसाळ्यात शेवटी ठरवलं, आठवडाभर टोपलीला हातच लावायचा नाही. रोज रात्री जेवणं आटोपली की अर्धा तास टँकरच्या मागे नुसतं उभं राहायचं. पुढे नाही, मागे नाही. त्या आठवड्यात कळलं की डाव्या बाजूच्या छोट्या पडद्यावरचा इंधन-प्रवाहाचा आकडा वेगाच्या आकड्याच्या आधी हलतो. टँकरशी वेग जुळला की तो आकडा पाठ करायचा. हात कितीही भरकटला तरी परत त्या आकड्यावर यायचं. आठव्या दिवशी टोपली लागली तेव्हा मी खोलीत एकटीच ओरडले होते.

हॉर्नेटला दोन इंजिनं आहेत, त्याचाही फायदा घे. तुझ्या थ्रॉटलला दोन दांडे असतील तर एकच हलव. बदल निम्मा होतो, आणि इंजिनं एकमेकांना चिकटून असल्यामुळे नाक फारसं वळत नाही. सुरुवातीला पंखांखाली बॉम्ब नकोत, उंचीही पंधरा हजार फुटांच्या आसपास ठेव. जड विमान घेऊन फार वर गेलास तर इंजिनाकडे राखीव जोर उरत नाही आणि थ्रॉटल ढकलूनही काही घडत नाही.

नजर टोपलीवर रोखू नकोस. टोपली डोलते आणि तिच्यासोबत हातही डोलायला लागतो. टँकरचा पंख आणि त्याखालचा पॉड, म्हणजे जिच्यातून नळी सुटते ती पेटी, बघ, टोपली कडेने दिसू दे.

एक तपासणी मात्र कर. माझ्या पहिल्या थ्रॉटलमधलं ग्रीस इतकं घट्ट होतं की दांडा हलायचा नाही आणि हलला की टुणकन पुढे जायचा. अशा दांड्याने बारीक बदल होतच नाही. ते ग्रीस पुसून पातळ लावलं, खर्च जवळजवळ शून्य.

तू ओझरचा आहेस म्हणून मुद्दाम सांगते. तुमच्या एचएएल या विमान कारखान्यात जोडलेल्या सुखोईच्या नाकाच्या डाव्या बाजूलाही हॉर्नेटसारखीच टोपलीत घालायची, आत-बाहेर होणारी नळी असते, आणि आपल्या हवाई दलाची इल्युशिन-७८ टँकर विमानं तिच्यासाठी अशाच टोपल्या सोडतात. माझ्या घरावरून लोहगावची सुखोई गेली की मी अजूनही हातातलं काम टाकून गच्चीत येते.

प्रश्न : टोपली पहिल्या फटक्यात लागते, पण मिनिटभरात सुटते. थ्रॉटल तर मी अजिबात हलवत नाही.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : हलवत नाही, म्हणूनच सुटते. हॉर्नेटच्या पोटात सुमारे १०,८०० पौंड इंधन मावतं. तुम्ही त्यातलं आठ हजार घेतलंत तर विमान साडेतीन टनांहून अधिक जड झालं. तेवढं वजन पेलायला नाक थोडं वर उचलावं लागतं, हवेचा विरोध वाढतो आणि तुम्ही हळूहळू मागे सरकता. इंधन येत असताना थ्रॉटल अगदी केसभर, पण सतत पुढे सरकत राहिला पाहिजे. सोबत नाकाचा ट्रिमही द्या, म्हणजे हाताने जोर न लावता नाक आहे तिथेच राहील.

आणि टँकर वळतोय का ते बघा. तो डावीकडे वळताना तुम्ही उजव्या टोपलीवर असाल तर तुमचं वर्तुळ त्याच्यापेक्षा मोठं होतं. तो कलायला लागला की लगेच जोर वाढवा. सरळ झाला की वाढवलेला तेवढा काढून घ्या.