उत्तर : घरच्या लॅपटॉपवर उघडणारी सीडी वकिलाकडे कोरी का दिसते

दादा, बांधाच्या वादाचे फोटो-व्हिडिओ तुमच्या लॅपटॉपवर सरळ उघडतात आणि परभणीला वकीलसाहेबांच्या कॉम्प्युटरवर तीच डिस्क कोरी दिसते, हे वाचलं आणि माझं जुनं दुखणं वर आलं. डिस्क फेकू नका. ती बहुधा धड आहे, राइट करायची पद्धत चुकलीय.

विंडोज ७ किंवा पुढचं असेल तर कोरी डिस्क घातल्यावर ते विचारतं, ही 'यूएसबी फ्लॅश ड्राइव्हसारखी' वापरायची की 'सीडी/डीव्हीडी प्लेअरसाठी'? पहिलं निवडलं की फाइल ओढून टाकली तशी लगेच लिहिली जाते, म्हणून सगळ्यांना तेच सोपं वाटतं. पण त्या पद्धतीत सेशन, म्हणजे एका खेपेचं लिखाण, शेवटी बंद व्हावं लागतं. ते उघडं राहिलं, तर तुमच्या मशीनला सगळं दिसतं आणि परक्या ड्राइव्हला काहीच नाही. आत्ताची डिस्क त्याच लॅपटॉपमध्ये घाला, ड्राइव्हवर राइट क्लिक करा, 'क्लोज सेशन' दिसलं तर ते करा आणि पूर्ण होईपर्यंत हात लावू नका. नवी करणार असाल तर दुसराच पर्याय निवडा, मधला वेग ठेवा आणि व्हेरिफाय करा, म्हणजे लिहिलेलं नीट वाचता येतंय का ते तपासा. लाइट जायची वेळ असेल तर डेस्कटॉपवर राइटच करू नका. सीडी-आर, म्हणजे पुसून पुन्हा न लिहिता येणारी सीडी, लिहिताना अर्ध्यात थांबली की गेली.

डीव्हीडी राइट केली असेल तर प्रश्न वेगळा. सीडीचा लेझर ७८० नॅनोमीटरचा, डीव्हीडीचा ६५० चा. नुसत्या सीडीच्या जुन्या ड्राइव्हला डीव्हीडी वाचताच येत नाही, मग तुम्ही कितीही वेळा पुसा.

आता माझा वैताग. ऑफिसचं नाव घेत नाही, जिल्ह्याच्या ठिकाणचं होतं एवढंच. आमच्या संस्थेच्या प्रस्तावासोबत कागद स्कॅन करून सीडी द्यायची होती. तालुक्याच्या दुकानदाराने ती वर सांगितलेल्या पहिल्या पद्धतीने राइट करून दिली होती. टेबलावरच्या बाबूने घातली, म्हणाला, "कोरी हाय, काही नाही हिच्यात." म्हटलं, शेजारच्या कॉम्प्युटरवर लावून बघा. तर, "तो आमच्या टेबलचा नाही." आणि फाइलवर शेरा मारला : सीडी कोरी. कोरी नव्हती हो, तिथं उघडत नव्हती. या दोन गोष्टींत फरक आहे एवढं त्याला कळलं असतं तर आमचं वर्ष वाचलं असतं.

बरं, नीट राइट केलेली नवी सीडी नेली. त्यांच्याच मशीनवर उघडून दाखवली, सगळे फोल्डर दिसले. मग ती आवक टेबलावर गेली. तिथल्या माणसाने बॉलपेनने, सातबाऱ्याच्या झेरॉक्सवर लिहितात तसं रेटून, छापील बाजूवर आवक क्रमांक टाकला आणि खाली तारखेचा शिक्का हाणला. पुढच्या टेबलावर सीडी वाचेना. कशी वाचणार? सीडीत माहिती खालच्या चकचकीत बाजूला असते असं लोकांना वाटतं. खाली १.२ मिलिमीटर प्लास्टिक असतं, माहितीचा थर असतो वर, छापील बाजूच्या पातळ लाखेखाली. खालचा बारीक ओरखडा एक वेळ चालतो, वरचं पेन चालत नाही. डीव्हीडीत तो थर दोन चकत्यांच्या मध्ये असतो, म्हणून ती जरा सोसते. पण हे सांगायला गेलो तर उत्तर काय, "आम्ही सगळ्यांच्या सीडीवर असंच लिहितो." तोवर प्रस्तावांची मुदत संपली.

म्हणून माझं ठाम मत, पटलं तर घ्या : विषय आणि नाव सीडीच्या मार्करने आपणच लिहावं, कागदी पाकिटावर मोठ्या अक्षरात 'आवक क्रमांक येथे' असं लिहून द्यावं, डिस्क त्यांच्यासमोर उघडून दाखवावी आणि पोच त्यानंतरच घ्यावी. दोन प्रती द्याव्यात. घरी ठेवायची प्रत उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत विसरू नये, आपल्याकडच्या उन्हात सीडीचा रंगथर, ज्यात माहिती लिहिली जाते, तो टिकत नाही.

तुमचं प्रकरण कोर्टात जाणार दिसतंय. मी वकील नाही, तेव्हा हे त्यांनाच विचारून करा. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३ खालच्या, डिजिटल पुराव्यासोबतच्या प्रमाणपत्रात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलवरून निघणारा तिच्या ठशासारखा आकडा, लिहावी लागते. जुन्या पुरावा कायद्यातल्या कलम ६५-ब च्या नमुन्यावर कुणी सही घेत असेल तर आधी विचारा. व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवरून लॅपटॉपवर घेतला असेल तर तो बहुधा दाबून लहान झालेला असतो आणि मग त्याची हॅश मूळ फाइलशी जुळत नाही. फोनमधून केबलनेच घ्या आणि मूळ फाइल फोनमधून पुसू नका. सीसीटीव्हीचं फुटेज असेल तर बऱ्याच डीव्हीआरमधून, म्हणजे कॅमेऱ्याच्या रेकॉर्डरमधून, ते डीएव्ही प्रकारच्या फाइलमध्ये निघतं, साध्या प्लेअरवर चालत नाही. त्याचा प्लेअर डिस्कवर सोबत टाका.

आणखी एक. अर्ज जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केला असेल तर वकिलाकडे अक्षरांचा चिवडा दिसेल आणि परत सीडीच्या नावाने बोंब होईल. पीडीएफ करून टाका.

सध्या वकीलसाहेबांच्या ड्राइव्हच्या दारावर डीव्हीडी लिहिलंय की नुसतं कॉम्पॅक्ट डिस्क, तेवढं बघून सांगा. आणि तुमची डिस्क सीडी-आर आहे की आरडब्ल्यू, म्हणजे पुसून पुन्हा लिहिता येणारी, तेही. जुन्या ड्राइव्हना आरडब्ल्यू झेपत नाही.