ग्रीकांचा शिक्षणविचार वाचताय? सुरुवात इथून करा

प्लेटोचं ‘रिपब्लिक’ हातात घेतलंत, उत्तम. पण गुहेच्या दृष्टान्तासाठी (गुहेत बांधलेली माणसं भिंतीवरच्या सावल्यांनाच खरं मानतात, एक जण बाहेर पडून उजेड पाहतो) थेट सातव्या भागावर उडी मारू नका. बरेच जण तेच करतात आणि ‘अंधारातून उजेडाकडे’ एवढंच घेऊन परततात. आधी दुसरा-तिसरा भाग वाचा. प्लेटोच्या कल्पनेतल्या आदर्श नगराचे रक्षक घडवायचे, तर मुलांच्या कानावर कोणत्या गोष्टी पडू द्यायच्या हे तिथे ठरतं. महाकवी होमरलासुद्धा कात्री लागते. (राग येईल. येऊ द्या.)

मग सातव्यात या. बाहेर पडलेल्याला पुन्हा गुहेत उतरावं लागतं, हे नजरेतून निसटू देऊ नका. निवडक रक्षकांसाठी क्रम असा: विशीपासून 10 वर्षं गणितादी विषय, 5 वर्षं तत्त्वचर्चा, 15 वर्षं प्रत्यक्ष कारभार आणि पन्नाशीनंतर राज्य. नगराने शिकवलं, तर नगराचं देणं फेडायचं!

ॲरिस्टॉटलच्या ‘पॉलिटिक्स’चा आठवा भाग छोटा आणि अपुरा आहे, पण जास्त प्रामाणिक वाटतो. शिक्षण उपयोगासाठी की सद्गुणासाठी, यावर एकमत नाही, हे तो कबूल करतो. आउलोस हे फुंकवाद्य मुलांना नको म्हणतो. वाजवताना चेहरा विद्रूप होतो म्हणून अथेना देवीने ते फेकलं, अशी कथा. ॲरिस्टॉटलच्या मते खरं कारण, या वाद्याने बुद्धीत भर पडत नाही.

शिक्षण सर्वांना सारखं, असं तो म्हणतो तेव्हा गुलाम हिशेबात नसतात. प्लेटो मात्र पाचव्या भागात रक्षकवर्गातल्या स्त्रियांनाही पुरुषांइतकंच शिक्षण देतो. तो भाग अजिबात गाळू नका.